एचलिंट: सूचना नेमक्या, टाइपकडे मात्र पाठ

हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतली लायब्ररी सांभाळणाऱ्याने नील मिचेल यांचं एचलिंट, म्हणजे कोड वाचून सुधारणा सुचवणारं साधन, वापरायलाच हवं. प्रत्येक सूचनेत ओळ क्रमांक, ‘फाउंड’खाली आहे तो कोड आणि ‘परहॅप्स’खाली पर्याय मिळतो. मात्र हे साधन टाइप तपासत नाही, फक्त कोडची मांडणी वाचतं. सगळ्या सूचना सरसकट घेतल्या तर कधी बिल्ड मोडतो. कधी तो सुरळीत होतो आणि कोडचं वागणंच बदलतं, जे जास्त वाईट.

जादा कंस, अनावश्यक ‘डू’, आधी मॅप मग कॉन्कॅटऐवजी थेट कॉन्कॅटमॅप, या सूचना एका कमिटमध्ये घेऊन मोकळे व्हा.

खरी गोम ‘ईटा रिड्यूस’मध्ये, म्हणजे व्याख्येच्या दोन्ही बाजूंना शेवटी येणारं तेच आर्ग्युमेंट गाळण्याच्या सूचनेत आहे. टाइप सिग्नेचर नसलेल्या फंक्शनचं डावीकडचं आर्ग्युमेंट काढलं की मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन हा भाषेचा नियम लागू होतो, आणि टाइपक्लासवर (अनेक टाइपना सामायिक क्रियांचा संच) चालणारं फंक्शन एकाच टाइपला जखडतं किंवा एरर येतो. हायर-रँक टाइप (ज्यात आर्ग्युमेंटच अनेक टाइपवर चालणारं असतं) असतील तर हॅस्केलचा कंपायलर जीएचसी याच्या ९.० (२०२१) आवृत्तीपासून ते आर्ग्युमेंट बऱ्याचदा लिहावंच लागतं. एचलिंट तेच काढायला सांगतं. इनलाइन प्रॅग्मा (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच घाल, ही कंपायलरला दिलेली सूचना) असलेल्या फंक्शनला तर बेंचमार्कशिवाय हात लावू नका. बरोबर चिन्हाच्या डावीकडे जितकी आर्ग्युमेंट लिहिली आहेत, तितकी मिळाल्यावरच जीएचसी ते इनलाइन करतो. एक काढलं की इनलाइन कधी होणार हेच बदलतं.

‘डेटा’ऐवजी ‘न्यूटाइप’ (एकाच मूल्याभोवतीचं, प्रोग्रॅम चालताना न उरणारं वेष्टन) घ्या, या सूचनेखाली लेझिनेस, म्हणजे गरज पडेपर्यंत मूल्य न मोजणं, कमी होईल अशी टीप असते. ती वाचाच. ‘सेक’ (मूल्य मोजायला लावणारं फंक्शन) लावल्यावर डेटा कन्स्ट्रक्टरपाशी थांबतो, न्यूटाइपमध्ये आतलं मूल्य मोजलं जातं. पॅटर्न मॅचमध्ये उलट: अनडिफाइन्ड (मोजताच एरर देणारं मूल्य) दिलं तर डेटा कोसळतो, न्यूटाइप कोसळत नाही. एक्सपोर्ट केलेल्या टाइपवर हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये करा आणि चेंजलॉगमध्ये नोंदवा.

बदल आपोआप करायचे तर अप्लाय-रीफॅक्ट हे साधन वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. त्याचा ‘स्टेप’ पर्याय घ्या, म्हणजे प्रत्येक बदलाआधी विचारणा होते.

नाकारलेली सूचना एचलिंटच्या यामल फाइलमध्ये ‘इग्नोर’ म्हणून लिहा, ‘विदिन’ने त्या मॉड्यूलपुरतीच ठेवा आणि शेजारी कारणाची टिप्पणी टाका. यासाठी कोडच्या फाइलमध्येच लिहायचा जुना ‘अ‍ॅन’ प्रॅग्मा टाळा: तो टेम्प्लेट हॅस्केल, म्हणजे कंपाइल होतानाच कोड चालवणाऱ्या यंत्रणेमार्फत चालतो, त्यामुळे कंपाइलला वेळ लागतो आणि नको तेव्हा पुन्हा कंपाइल होतं.