चॅम्प की सेस्ना १४०: जुनं विमान घेताना

टेलव्हीलची (म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेली विमानं उडवण्याची) एन्डॉर्समेंट, म्हणजे प्रशिक्षकाची लेखी मान्यता, मिळाली की अमेरिकेतला हौशी वैमानिक बऱ्याचदा याच दोन विमानांपाशी येऊन थांबतो: एअरोन्का ७एसी चॅम्प किंवा सेस्ना १४०. दोन्ही १९४६च्या सुमाराची, दोन सीटांची. इथे ओहायोत दोन वर्षं एका चॅम्पमध्ये माझा तिसरा हिस्सा होता. आता चार वर्षं १४० आहे. त्यामुळे माझं माप थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

उडवण्याचा निव्वळ आनंद म्हणाल तर चॅम्प. एकट्याने पुढच्या सीटवरून उडवता येतं, पायपर कब या जुन्या विमानासारखं मागे बसावं लागत नाही, आणि नाकावरून धावपट्टी नीट दिसते. हातात स्टिक, उघडी खिडकी, आणि संध्याकाळी खाली उतरलात की कापलेल्या गवताचा वास थेट आत. ६५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन तासाला चारेक गॅलनवर भागतं. शिवाय चॅम्प आमच्याच राज्यातल्या मिडलटाउनचं, त्यामुळे त्याची माया सुटत नाही.

पण ७एसीला मुळात स्टार्टर नाही. प्रोपेलर हाताने फिरवायचा. सोबत जाणकार असेल तर ते दोन मिनिटांचं काम. माझ्यासोबत असायची बायको, आणि ती वैमानिक नाही. म्हणजे शेपूट दोरीने बांधा, चाकांना ठोकळे लावा, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र) बंद ठेवून प्रोपेलरला चार फेरे द्या, मग मॅग्नेटो चालू करून पुन्हा पुढे या. एका रविवारी शंभर मैलांवर न्याहारीला गेलो होतो. परतताना इंजिन गरम होतं, काही केल्या पेटेना. अर्ध्या तासाने एकदाचं पेटलं. मग फिरत्या पंख्यापासून दीड हातावर वाकून मी ठोकळे काढले आणि मागे धावत जाऊन दोरी सोडली. तेवढा वेळ चालू इंजिनाच्या विमानात ती एकटी बसून होती. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. शेपटीला ग्लायडरचा हुक बसवून आतून दोरी सोडता येते, काहीजण तसं करतात. माझ्या मनातून मात्र तो रविवार गेला नाही.

१४०मध्ये पॅनेलवरचा दांडा ओढला की ८५ अश्वशक्तीचं इंजिन सुरू. दोघं शेजारी बसतो, नकाशा तिच्या मांडीवर असतो. चॅम्प ८५ मैलांच्या वेगाने जातं, हे शंभराच्या थोडं वर. समोरून वारा असेल तर हा फरक फार जाणवतो. दोन टाक्यांत मिळून २५ गॅलन, चॅम्पच्या जवळजवळ दुप्पट.

उणिवा आहेतच. केबिन अरुंद, खांद्याला खांदा लागतो. अंगाने भरलेले दोघं असाल तर टाक्या काठोकाठ भरता येत नाहीत. ब्रेक जोरात दाबले तर नाक जमिनीकडे जाण्याचा स्वभाव आहे, म्हणून बऱ्याच जणांनी चाकं थोडी पुढे सरकवणारे जोड बसवले आहेत. आणि मोठ्या शहरांभोवती ट्रान्सपाँडर व एडीएस-बी (विमान कुठे आहे ते नियंत्रकांना कळवणारी उपकरणं) लागतं. मुळात वीजच नसलेल्या चॅम्पला त्यात सूट आहे. एकटेच घराजवळच्या गवताच्या पट्टीवरून उडणार असाल, तर चॅम्पबद्दल मी एक वाईट शब्द बोलणार नाही. पण सोबत कुणी येणार असेल, तर माझ्या मते १४० आधी बघा.

बघताना चॅम्पच्या पंखातले लाकडी स्पार (पंखाचे मुख्य आडवे वासे) चिरांसाठी तपासून घ्या. १४०मध्ये चाकांचे पाय धडाला जिथे जोडलेत तिथे आतून बॅटरी मारून बघा. जुन्या ग्राउंड-लूपच्या (जमिनीवर विमान गर्रकन फिरल्याच्या) खुणा तिथेच सापडतात. पंखावरचं कापड किती जुनं, ते विमानाच्या लॉगबुकात वाचा. कापडाची कटकट नकोच असेल तर १९४९पासूनचं १४०ए शोधा, त्याचे पंख धातूचे आहेत.