मराठी हायस्कूलमध्ये लिब्रेऑफिस, इनस्क्रिप्ट आणि प्रमाणपत्र: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये जून ते जानेवारी आठवी-नववीला वापरलेला संच असा: दहा जुने डेस्कटॉप, त्यांवर लुबंटू (हलकी लिनक्स प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (लेखन, हिशेब, सादरीकरण यांचे प्रोग्रॅम), शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलच्या मराठी चित्रफिती, शेवटी बहुपर्यायी ऑनलाइन चाचणी आणि प्रमाणपत्र. सगळं सॉफ्टवेअर मोफत. खर्च होतो तो यंत्रांवर आणि वेळेवर.

यंत्रांचं थोडक्यात. चार जीबी रॅम पुरते, पण जुनी हार्ड डिस्क काढून १२० जीबीची एसएसडी घालाच. दुसऱ्या कुठल्याही बदलाने इतका फरक पडत नाही. पावसाळ्यात इकडे दमट हवेने रॅमच्या पट्टीवरचे संपर्क खराब होतात. मशीन बीप देऊन थांबलं तर पट्टी काढून खोडरबराने पुसा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. दुसरी खोड मेच्या सुट्टीनंतर दिसते. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, तारीख मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायलाच नकार देतो. मग सगळे इंटरनेटला शिव्या घालतात. चाचणीच्या आठवडाभर आधी दहाही मशीनांची तारीख पाहून ठेवा. करंट जाणार हे धरूनच चालावं. ६०० व्हीएचा यूपीएस एका मशीनला फार तर पंधरा-वीस मिनिटं खेचतो, तोही बॅटरी नवी असेल तर.

चित्रफीत साधारण दहा मिनिटांची, पण थांबवत, करून बघत ती संपायला अर्धा तास लागतो. म्हणजे चाळीस मिनिटांच्या तासाला एकच. अर्ध्या पडद्यावर चित्रफीत आणि अर्ध्यावर प्रोग्रॅम ही पद्धत चांगली आहे, फक्त १५ इंची मॉनिटरवर दोन्ही खिडक्या दाटीवाटीने बसतात. एका मशीनवर दोघं, एक हेडफोन-स्प्लिटर, आणि दर पाच मिनिटांनी माउसची अदलाबदल. अदलाबदल सक्तीची केली नाही तर एकजण वर्षभर नुसता बघतो. चित्रफिती उतरवून प्रत्येक मशीनवर ठेवता येतात, परवाना तशी मुभा देतो. निवेदन मराठी असलं तरी पडद्यावरचे मेनू इंग्रजीच असतात, आणि मशीनवरची आवृत्ती चित्रफितीतल्यापेक्षा नवी असली की मेनू जागा बदलतात. उदाहरणार्थ मॅन्युअल ब्रेक आता इन्सर्टमधल्या मोअर ब्रेक्सखाली गेला आहे. अशा फरकांचा एक कागद भिंतीवर चिकटवला की काम भागतं.

आता खरा कळीचा मुद्दा, म्हणजे कळफलक. मुलं मोबाईलवर रोमन अक्षरांत मराठी लिहीत आलेली असतात, त्यामुळे पहिले तीन आठवडे इनस्क्रिप्टला, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकाला, नाकं मुरडतात. तरी इनस्क्रिप्टच शिकवावा. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, इतकं तर्कशुद्ध. मधल्या ओळीवर डावीकडून ो े ् ि ु आणि उजवीकडे प र क त च ट. एवढ्यावरच पोर, टोक, पुरे, पत्र, प्रत हे शब्द होतात. पहिला आठवडा फक्त हेच, रोज पंधरा मिनिटं. हमखास होणारी चूक पहिल्या वेलांटीची. कागदावर ती अक्षराआधी काढतात म्हणून कळही आधी दाबतात, आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. आधी व्यंजन, मग वेलांटी. दुसरी चूक 'दऱ्या' लिहिताना: साधा र घेतला तर 'दर्या' होतं. शिफ्टसह र दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त (्), मग य. तिसरी नजरेला दिसतच नाही. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि अ वर चंद्र देऊनही. दिसतं सारखंच, पण शोधताना एक सापडतं तर दुसरं हुकतं. वर्गात एकच पद्धत ठरवा.

सीमाभागात इनस्क्रिप्टचा वेगळा फायदा आहे. कन्नड इनस्क्रिप्टवर क, प, र, त यांच्या जागा त्याच, मात्राही त्याच हाताला. इकडे कन्नड सगळ्यांना शिकावीच लागते. बोटांना मात्र वेगळं काही शिकावं लागत नाही. अडतं ते ऱ्हस्व ए-ओपाशी, कारण मराठीत ते नाहीत. कन्नडमध्ये 'बेळगावी'तला बे ऱ्हस्व आहे. मराठीच्या सवयीने मात्रा दिली की तो दीर्घ होतो आणि गावाचंच नाव चुकतं. ऱ्हस्व ए इंग्रजी झेडच्या कळीवर आहे. इथले लोक कन्नड टाइप करायला नुडी हे सॉफ्टवेअरही वापरतात, त्याचा कळफलक-आराखडा वेगळा. दोन्ही एकदम शिकवू नका.

लिब्रेऑफिसमध्ये पहिल्याच दिवशी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मराठी निवडा. स्टाइल बदलताना देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे वेगळा द्यावा लागतो. फक्त वरचा पाश्चात्त्य आकार वाढवून 'अक्षर मोठं होत नाही' अशी तक्रार दर वर्गात येते. सादरीकरणाचं इम्प्रेस दोन तासांत उरकतं, त्यावर वेळ घालवू नये.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच बोलायला हवं. बहुपर्यायी चाचणीत मेनूची नावं पाठ असली तरी पास होता येतं. म्हणून शाळेने स्वतःची पन्नास गुणांची प्रात्यक्षिक परीक्षाही घ्यावी: ग्रामपंचायतीला शंभर शब्दांचा मराठी अर्ज, डेअरीच्या दुधाचा आठवड्याचा हिशेब कॅल्कमध्ये लिटर गुणिले दर असा, आणि दोन्हींचं पीडीएफ हजेरी क्रमांकाच्या फोल्डरमध्ये. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोजवर फॉन्ट बदलून ओळी सरकतात, म्हणून पीडीएफच. निम्मे गुण फाईल योग्य जागी, योग्य नावाने सापडण्याला द्या. 'अनटायटल्ड १' हे नाव ठेवलं की शून्य, त्यात दयामाया नको.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: हे एमएस-सीआयटीच्या (महाराष्ट्रातल्या संगणक-साक्षरता परीक्षेच्या) जागी चालेल का? नाही. महाराष्ट्रातल्या ज्या सरकारी नोकरीला ती लागते, तिच्यासाठी ती किंवा तिच्या तोडीची मान्य परीक्षा वेगळी करावी लागते, हे प्रवेशाच्या वेळीच सांगा. आणि नोंदणीआधी नावं शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळवा: एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, तिसरीकडे आडनाव आधी, असा घोळ इथे सर्रास असतो आणि छापलेल्या प्रमाणपत्रावर तो दुरुस्त करणं फार किचकट जातं.