चेन-स्पॉकेट बदलायचंय? बेळगावजवळच्या पिरनवाडीच्या मामांकडं जावा, पण घाईत असाल तर नको

बोर्डावरची अक्षरं पावसानं धुऊन गेलीत, त्यामुळं सगळे मामांचं गॅरेज म्हणूनच ओळखतात. पत्र्याचं शेड, दारात दोन-तीन गाड्या खोलून पडलेल्या, पोराला कन्नडमधून 'हिडी, हिडी' म्हणून ओरडणं चालू आणि आपल्याशी मराठी. माझी स्प्लेंडर आहे, जुनी, रोज खानापूरकडं जाणं-येणं, त्यात पावसाळ्यात तो तांबडा चिखल, ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणून टाकलेला. चेन खडखडायला लागली होती, ताणून घेतली की चार दिवस गप्प आणि परत तेच.

आधी शहरातल्या एका गॅरेजात दाखवली, तिथं म्हणाले नुसती चेन टाकू, स्पॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, एक पुढं इंजिनला, एक मागच्या चाकाला) अजून चालतंय. मामांनी चेनकेस उघडली आणि मागच्या स्पॉकेटवरची चेन बोटानं मागं ओढून दाखवली, अर्धा दात उघडा दिसायला लागला की. पुढच्या स्पॉकेटचे दात तर वाघनखासारखे एका बाजूला वळलेले. म्हणाले, "आता नुसती चेन घातली तर हे दात नवीन चेनला खाणार, मग परत माझ्याकडंच येणार." बरोबरच आहे ते. 428 नंबरच्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसरी पिन 12.7 मिलिमीटरवर असते, पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या (बुश) झिजून ते अंतर वाढलं की रोलर दाताच्या बुडात न बसता वर चढतो आणि दात पण तसाच झिजत जातो, मग त्या दातावर नवीन मापाची चेन कशी नीट बसणार. म्हणून पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकदम.

किट मी रोलॉनचं घेतलं, डायमंडचं पण होतं, हजार-बाराशेच्या आसपास जातं, मजुरी वेगळी.

आता कामाचं बोलतो, कारण ह्या माणसाकडं जायचं कारण तेच आहे. गाडी गियरमध्ये टाकून पोराला मागचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि जुनी चेन असतानाच पुढच्या स्पॉकेटचे दोन 10 नंबरचे बोल्ट ढिले केले, चेन काढल्यावर स्पॉकेट फिरत बसतं आणि मग लोक छिन्नी-हातोडा घेतात. बोल्ट निघाले की ती लॉक प्लेट जराशी फिरवली, खाचा जुळल्या, स्पॉकेट हातात. त्याच्या मागं ऑइल सील असतं, तिथला काळा चिखल काढून, पुसून, ऑइल गळतंय का बघून मगच नवीन बसवलं. मागचं चाक उतरवल्यावर स्पॉकेट धरून हलवून बघितलं, चाकाच्या हबमधले, धक्का सोसणारे रबर दबून गेलेले होते, ते पण बदलले (रबराला फार पैसे लागत नाहीत, पण कुणी सांगतच नाही). मागच्या स्पॉकेटच्या नटाखालच्या लॉक पट्ट्या नवीन घालून कडा दुमडल्या. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला, हे मला बोलावून दाखवलं. मग चाक फिरवून फिरवून जिथं चेन सगळ्यात घट्ट लागते तिथं दोन-तीन सेंटीमीटर ढील ठेवली, दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या केल्या, शेवटी मागचा ब्रेक परत सेट. एवढं सगळं कोण करतं हो आता?

मी विचारलं होतं, मामा, पुढं एक दात जास्तीचं टाकू या का, मायलेज वाढतंय म्हणतात. समजा पुढं 14 आणि मागं 42 असेल तर रेशो (मागचे दात भागिले पुढचे) 3 येतो, 15 टाकलं की 2.8, म्हणजे त्याच स्पीडला इंजिन थोडं कमी फिरणार, सपाट हायवेला बरं वाटतं. मामा म्हणाले, "घालतो की! पण डबल सीट राजहंसगड चढताना सारखा गियर पाडायला लागला की शिव्या मला देऊ नका." नाही घातलं. विकायची वस्तू असून नको म्हणणारा दुकानदार, मला तिथंच पटला हा माणूस.

आता नावं ठेवण्यासारखं पण आहे. वेळ भयंकर लागतो, सकाळी गाडी दिली की दुपारचं जेवण विसरा, मध्येच कुणी पंक्चरवाला आला की मामा तिकडं. बसायला एक मोडकी खुर्ची, तीपण बहुतेक वेळा भरलेली. बिल म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर कन्नड अक्षरात आकडेमोड, वाचून सांगायला लागतं. आणि पोराचे काळे हात साइड पॅनलवर उमटलेले, ते घरी येऊन मीच रॉकेलनं पुसले.

गाडी आता गप्प चालते, गियर टाकताना मागून धक्का बसायचा तो पण गेला. नवीन चेन सुरुवातीला थोडी सैल पडते, म्हणून पाचएकशे किलोमीटरनं परत बोलावतात, ताणून द्यायचे पैसे घेत नाहीत. फक्त जाताना चेनला 90 नंबरचं गियर ऑइल सोडून जावा, चेनकेस बंद असली की आपण विसरतो, आणि मामांनी चेनकेसचं रबरी बूच काढून कोरडी चेन बघितली तर चार माणसांत बोलतात.