वागातोरच्या हॉस्टेलच्या नावाखाली १३,८०० रुपये लुबाडले

गोव्यात स्वस्तात राहायचं म्हणून हॉस्टेलच्या डॉर्ममधला, म्हणजे अनेकांनी मिळून राहायच्या खोलीतला, बेड शोधत असाल तर आधी हे वाचा. नकाशाच्या ॲपवर हॉस्टेलच्या नावाखाली जो फोन नंबर दिसतो तो हॉस्टेलचाच असेल असं धरून चालू नका. तिथली माहिती बाहेरचा माणूसही बदल सुचवून फिरवू शकतो. आमच्या वेळी हॉस्टेल खरं होतं, फोटो खरे होते, रिव्ह्यू खरे होते. फक्त नंबर चोराचा होता.

आम्ही तिघी मैत्रिणी. कोकणकन्येची थिवीपर्यंतची तिकिटं काढून झाली होती. बुकिंग ॲपवर मुलींच्या डॉर्ममधला बेड १,०८० रुपये रात्र दिसत होता. थेट फोन केला की ॲपचं कमिशन वाचतं आणि दर कमी होतो, हे गोव्याला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. ते खोटंही नाही. म्हणून फोन केला, आणि फोन करण्यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. समोरचा माणूस सभ्यपणे बोलत होता. म्हणाला, ९०० रुपये बेड. तिघींचे चार रात्रींचे १०,८००, त्यातले निम्मे आगाऊ.

आता ज्या क्षणी मी फोन ठेवायला हवा होता तो सांगते, कारण त्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. मी विचारलं, मुलींची डॉर्म सहा बेडची आहे की आठ बेडची? तो म्हणाला, "मॅडम, जैसा चाहिए वैसा मिलेगा." कुठल्याही हॉस्टेलच्या रिसेप्शनवरचा माणूस असं बोलूच शकत नाही! त्याच्याकडे ठरलेल्या खोल्या असतात, ठरलेले बंक, म्हणजे एकावर एक असलेले बेड, असतात. तो सांगतो की आठची आहे, खालचे बंक गेलेत, वरचे उरलेत, बाथरूम बाहेर आहे. ज्याला यातलं काहीच सांगता येत नाही, त्याने ती जागा पाहिलेलीच नसते. हे मला कळायला हवं होतं. याआधी मी डॉर्ममध्ये राहिलेले आहे.

५,४०० रुपये पाठवताना यूपीआयवर हॉस्टेलचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे. आता सांगा, हरमल-मोरजीकडच्या कितीतरी होमस्टेवाल्यांना आपण मालकाच्या खात्यावरच पैसे देतो ना? मग संशय कसा येणार? लगेच लोगो आणि जीएसटी नंबर असलेली पावतीही आली. तुम्ही मात्र नाव जुळलं नाही तर पिन टाकू नका, समोरचा काहीही सांगो.

मग सुरू झालं. सिस्टीम अर्धे पैसे घेत नाही, उरलेले ५,४०० आत्ताच टाका. मग माणशी १,००० डिपॉझिट, चेक-आउटला परत, म्हणजे ३,०००. मग म्हणे एंट्री अडकली, १३,८०० पुन्हा टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील. इथे मैत्रिणीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. पैसे परत मिळवायला पैसे भरावे लागत नाहीत, पिनही लागत नाही. आणि तिघींच्या आधारचे फोटो त्याच्याकडे गेले ते वेगळंच. द्यायचंच झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

हॉस्टेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून खरा नंबर मिळाला. तिथली मुलगी म्हणाली, तुमच्या नावाने बुकिंगच नाही, आणि असे फोन आम्हाला आधीही आलेत. मग पुढच्यांना सावध करणारी एक पाटी वेबसाइटवर का लावली नाही?

लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करून तक्रार क्रमांक घेतला. तुम्हीही आधी हेच करा, व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेच्या नोंदीतला व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच अडवता येतात. बँकेत गेले तर उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचा २०१७चा नियम संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे हे मला माहीत आहे. पण मी भरपाई मागतच नव्हते! समोरच्या बँकेला कळवा आणि ते खातं गोठवायला सांगा, एवढंच मागत होते. त्यासाठी अर्ज लिहा, मग दुसऱ्या टेबलावर जा, मग साहेब जेवायला गेलेत. इथे एकेक मिनिट मोलाचं असताना!

पोलीस ठाण्यात तर हद्दच झाली. पहिला प्रश्न, किती गेले? आकडा ऐकून म्हणे, इथे लाखांच्या केसेस पडल्यात. मग म्हणे, प्रकार गोव्याचा, गोव्यात जाऊन तक्रार द्या. अहो, पैसे माझ्या घरात बसून गेले, चोर कुठे बसलाय ते कोणालाच ठाऊक नाही, मी गोव्यात जाऊन काय करू? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. हे मी बोलून दाखवलं तर, "वकील आहात का?" मग साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. गुन्हा नोंदवला नाहीच. १३,८०० रुपये त्यांना किरकोळ वाटत असतील. आम्ही ते शिकवण्या घेऊन साठवले होते. आणि लाखांच्या केसेस अशाच चोरांकडून होतात ज्यांना तेरा हजारांच्या वेळी कोणी हात लावला नाही.

पर्यटन खात्याकडे नोंदणी असल्याशिवाय गोव्यात पाहुणे ठेवता येत नाहीत, त्यामुळे नोंदणी क्रमांक बेधडक मागा. व्हिडिओ कॉल करून रिसेप्शन दाखवायला सांगा. शक्यतो पोचल्यावर पैसे देण्याचा पर्याय घ्या. नंबरची खात्री नसेल तर ॲपचे जास्तीचे १८० रुपये वाचवायला जाऊ नका.

त्या तेरा हजारांपैकी ३,००० रुपये समोरच्या बँकेत अडकवले गेल्याचा मेसेज आलाय. ते अजून हातात आलेले नाहीत. हॉस्टेलच्या पानावरचा नंबर आता दुरुस्त झालाय. पण परवा पाहिलं, तोच चोराचा नंबर हणजुणेतल्या दुसऱ्या एका हॉस्टेलखाली दिसतोय. मी तक्रार केली आहे. तुम्हाला असा नंबर दिसला तर तुम्हीही करा, आणि त्या हॉस्टेलला त्यांच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून आजच सांगा.