जुनी मालिका लावावी की जुनी गाणी?

गणपतीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घर भरलेले असते, रात्रीची जेवणे आटोपलेली असतात आणि ‘काहीतरी जुने लावा’ असा आग्रह कोणीतरी धरते. रिमोट ज्याच्या हाती असतो त्याच्यापुढे अशा वेळी साधारण दोन पर्याय असतात. एक म्हणजे दूरदर्शनच्या किंवा खासगी वाहिन्यांच्या सुरुवातीच्या काळातील एखादी मालिका, आणि दुसरा म्हणजे नव्वदच्या दशकात चित्रपटांच्या बाहेर गाजलेली, इंडीपॉप या नावाने ओळखली जाणारी गाणी. दोन्ही जवळपास एकाच पिढीची असली, तरी त्यांचे म्हातारपण सारखे नाही, आणि निवड चुकली की दहा मिनिटांत निम्मी मंडळी आपापल्या मोबाइलमध्ये डोके खुपसतात.

गाणे जुने वाटू लागते ते सहसा चालीमुळे नव्हे, तर वाद्यमेळामुळे. अलिशा चिनॉय यांचे १९९५ सालचे ‘मेड इन इंडिया’ घ्या. बिद्दू यांनी बांधलेली चाल आजही सहज गुणगुणता येते. मात्र पहिल्या काही क्षणांतच कीबोर्डचे चकचकीत स्वर आणि त्याखालचा यंत्राचा ठोका ऐकू येतो, आणि गाणे कोणत्या दशकातले आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. त्या काळी जे नवे आणि महागडे वाटत होते, तेच आज सर्वांत आधी शिळे झाले आहे. याउलट लकी अली यांचे १९९६ सालचे ‘ओ सनम’ प्रामुख्याने गिटार आणि किंचित खरखरीत आवाज यांवर तोललेले असल्यामुळे त्याच्यावर सालाचा शिक्का तितका ठळक नाही. २०२० च्या अखेरीस गोव्यातील हरमल येथे त्यांनी हेच गाणे गिटार घेऊन, कोणताही थाटमाट न करता म्हटले आणि त्याची चित्रफीत घरोघरी फिरली. आवाज थकलेला होता, तरी गाण्याचे काही बिघडले नव्हते. उलट काहींना ते आता अधिक शोभते असे वाटले, आणि मीही त्यांतलाच एक आहे.

गाण्याची आणखी एक सोय अशी की त्याला नवे कपडे चढवता येतात. नाझिया हसन यांचे १९८१ चे ‘डिस्को दीवाने’ २०१२ मध्ये हिंदी चित्रपटात नव्या ठेक्यावर पुन्हा आले आणि मूळ गाणे कधीही न ऐकलेली मुले त्यावर नाचली. मराठीत वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’चे उदाहरण देता येईल. त्यातला क्लबमधला ठेका आता जुनाट वाटतो, पण गळा इतका खणखणीत आहे की वरातीत ते लागले की कोणी तक्रार करत नाही. असे नूतनीकरण दरवेळी साधतेच असे नाही. पुष्कळदा नव्या आवृत्तीत फक्त ठोका मोठा होतो आणि शब्द गुदमरतात.

मालिकेला मात्र कपडे बदलता येत नाहीत. तिच्यातला दिवाणखाना, केशरचना, फोनची घंटा आणि सासूचा स्वर हे सगळे एकाच वेळी जुने होते. पण मालिकेचे खरे वय या वस्तूंवरून कळत नाही, ते दोन गोष्टींवरून कळते. पहिली म्हणजे गती. आठवड्यातून एकदा येणारा भाग पाहणाऱ्या प्रेक्षकाला घाई नव्हती, म्हणून पात्र जिना चढते तर सगळा जिना चढेपर्यंत कॅमेरा थांबतो. दुसरी गोष्ट म्हणजे विचार. ज्या प्रसंगावर आपण लहानपणी खळखळून हसलो, तोच प्रसंग आज भाचीशेजारी बसून पाहताना आपण खाली पाहू लागतो. बायकोच्या खर्चिकपणावरचे, सावळ्या रंगावरचे किंवा तोतरे बोलण्यावरचे विनोद यांत सर्वांत पुढे. त्यामुळे विनोदी मालिका सर्वांत धोक्याच्या, विशेषतः ज्यांत ध्वनिमुद्रित हशा पेरलेला आहे अशा, कारण तो हशा आपण गप्प असतानाही हसत राहतो.

काही मालिका मात्र मुळात तयार होतानाच जुन्या होत्या, आणि त्याच टिकल्या. बासू चॅटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्षी’ १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली, तेव्हाच ती कित्येक दशकांपूर्वीच्या कोलकात्यात घडत होती. रजित कपूर यांचे धोतर तेव्हाही कालचेच होते आणि आजही कालचेच आहे. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ कर्नाटकातील आगुंब्याला चित्रित झाली. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि त्यांमागची ती बिनशब्दांची गुणगुण सुरू झाली की मंदगती हा दोष न राहता त्या गावाचा स्वभाव होऊन जातो. गेल्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या भाचीला एक भाग दाखवला, तेव्हा स्वामी घाबरलेला असताना घरी फोन का करत नाही, एवढे तिने विचारले आणि उत्तर न ऐकताच ती पुढे पाहू लागली. त्याच संध्याकाळी मी तिला माझे लाडके इंडीपॉप ऐकवले, तर पहिल्या कडव्यानंतर ती अत्यंत नम्रपणे पाणी प्यायला उठली.

या एका उठण्यावरून मी माझे मत बनवले आहे. इंडीपॉपची निम्मी गोडी गाण्यात आहे आणि निम्मी आपल्या विशीत. ज्याच्याकडे ती विशी नाही त्याला उरलेल्या निम्म्यावर भागवावे लागते. मालिका आपले जग स्वतः उभे करून देते, त्यामुळे चांगली असेल तर अनोळखी प्रेक्षकालाही आत घेते. म्हणून घरात चाळिशी-पन्नाशीची मंडळीच जमली असतील, तर बिनधास्त गाणी लावावीत. चार मिनिटांत एखादे फसले तर पुढचे लावता येते आणि गप्पाही चालू राहतात. मुले आणि आजी-आजोबा एकत्र असतील, तर मालिकाच बरी, आणि तीही एका भागात गोष्ट संपणारी. ‘महाभारत’ ९४ भागांचे आहे. ते सुट्टीच्या पहिल्या दिवशी सुरू करून कोणाचे संपलेले मी पाहिलेले नाही.

मराठीच हवे असेल, तर २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुचवेन. त्यातली तंत्राची सजावट जुनी झाली आहे, पण तीन पिढ्यांचे एका घरातले अडखळत जगणे आणि दिलीप प्रभावळकर यांचे आबा अजून परके वाटत नाहीत. गाण्यांत मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ पावसाळ्यात लावावा. बाकीच्या ऋतूंत तो थोडा लांबतो.

एक तांत्रिक बाब तेवढी सांभाळावी. या मालिका जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी चित्रित झालेल्या आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर चित्र ताणले तर सगळे कुटुंब जाडजूड दिसते, आणि पडदा भरावा म्हणून ते मोठे केले तर वरची डोकी कापली जातात. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ आकारात ठेवावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, आणि टीव्ही बिघडला आहे का असे आजोबा एकदा विचारतील.