'हॉलिडे इन' की 'व्हाइट ख्रिसमस'? नाताळात कोणता लावावा

नाताळच्या सुट्टीत एकच जुना हॉलिवूडपट बघायचा ठरला की बहुतेकांचं गाडं या दोघांपाशी अडतं. दोन्हींत गायक-नट बिंग क्रॉस्बी, दोन्हींत गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनची गाणी, दोन्हींत गावाबाहेरचं हॉटेल. नावावर मात्र जाऊ नका. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं पडद्यावर आधी आलं ते १९४२च्या 'हॉलिडे इन'मध्ये आणि ऑस्कर मिळालं तेही त्याच चित्रपटासाठी. गाण्याच्या नावाचा चित्रपट १९५४चा.

गाण्यासाठीच बसणार असाल तर कृष्णधवल 'हॉलिडे इन' लावा. क्रॉस्बी पियानोशी बसलाय, शेजारी ख्रिसमसचं झाड, आणि गाता गाता तो पाइपाने झाडावरच्या घंट्या वाजवतो. भपका अजिबात नाही. १९५४मध्ये तेच गाणं सुरुवातीला युद्धआघाडीवर म्युझिक बॉक्सच्या साथीने येतं. शेवटी लाल पोशाखातले चौघे ते गातात, मागचे दरवाजे उघडतात आणि बाहेर बर्फ पडत असतो. डोळ्यांत पाणी येतं ते इथे, पण गाणं मुरतं ते पियानोपाशी.

नाचातही १९४२च पुढे, कारण त्यात नर्तक-नट फ्रेड अस्टेअर आहे. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, नाचात तो फटाके जमिनीवर आपटत टॅप करतो. पावलाचा ठेका आणि फटाक्याचा बार एकमेकांत बसलेले. १९५४मध्ये व्हेरा-एलन नाचते झकास, गाण्याचा आवाज मात्र उसना. (१९४२च्या मार्जोरी रेनॉल्ड्सचंही तेच.)

विनोदात १९५४मधला डॅनी के बाजी मारतो. 'सिस्टर्स' या गाण्यात तो आणि क्रॉस्बी पॅन्टचे पाय दुमडून, पिसांचे पंखे हलवत चित्रपटातल्या दोन गायिका बहिणींची नक्कल करतात. के पंख्याने फटके मारत सुटतो आणि क्रॉस्बीला हसू आवरत नाही. ते हसू खरं आहे, अभिनय नव्हे.

आता खोट. 'हॉलिडे इन'मध्ये लिंकन जयंतीचं गाणं चेहरे काळे रंगवून केलंय. ते वर्णद्वेषीच आहे. टीव्हीवर अनेकदा कापतात, पण पूर्ण प्रतीत असतं, तेव्हा मुलं सोबत असतील तर आधी सांगा किंवा तेवढं पुढे सरकवा. रंगवलेली प्रतही मिळते, ती टाळा. 'व्हाइट ख्रिसमस' दोन तासांचा, म्हणजे सुमारे वीस मिनिटांनी लांब, आणि मधला गैरसमज उगाच ताणलेला. मात्र व्हिस्टाव्हिजन या चित्रीकरणाच्या पद्धतीतला हा पहिलाच चित्रपट. त्यात फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते, चौकट मोठी मिळते, म्हणून चित्र लख्ख. तो फोनवर बघण्यात अर्थ नाही.

घरात लहानथोर सगळे जमणार असतील तर २४ तारखेला १९५४चा लावा. दुसरा ३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी ठेवा, कारण अस्टेअर झिंगलेल्या अवस्थेत नाचतो तो प्रसंगही त्याच रात्रीचा आहे.