लिथोग्राफ घ्यावा की मोनोटाइप?

आवडत्या फ्रेंच अमूर्त चित्रकाराचा कॅनव्हास परवडत नाही, पण कागदावरचं रंगीत छापचित्र घेता येईल. अशा वेळी प्रश्न बहुधा दोन गोष्टींपाशी येऊन अडतो. ७५ किंवा १०० प्रतींमधला सही केलेला लिथोग्राफ, म्हणजे दगडावर किंवा प्लेटवर काढून छापलेलं चित्र घ्यावं, की जगात दुसरी प्रतच नसलेलं मोनोटाइप? पॅरिसमध्ये राहून मी दोन्ही घेतली, एकाच हयात चित्रकाराची, चार वर्षांच्या अंतराने.

लिथोग्राफची बाजू खरंच भक्कम आहे. रंगागणिक वेगळा दगड किंवा वेगळी प्लेट, त्यामुळे एका रंगावर दुसरा चढतो तेव्हा खालचा रंग आतून झिरपल्यासारखा दिसतो. मोंपार्नासमध्ये, पूर्वी जिथे मुर्लोंचा छापखाना होता, तिथे आज इदेम हा छापखाना आहे आणि तिथली जुनी यंत्रं अजून चालतात. ती चालताना एकदा पाहिली की या कामाबद्दल आदरच वाटतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही लिथोग्राफ सोपा. चित्रकाराच्या छापचित्रांची सूची निघालेली असेल तर त्यात त्याची नोंद सापडते. आधीच्या प्रती लिलावात कितीला गेल्या तेही कळतं, आणि दुकानदार सांगतोय तो भाव रास्त आहे का याचा अंदाज अर्ध्या तासात येतो. पहिलीच खरेदी असेल तर हा दिलासा मोठा आहे.

माझी प्रत २२/७५. पंचाहत्तरातली एक, हे मी शब्दशः धरून चाललो होतो. दोन वर्षांनी एका लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला गेलो, तर फोल्डरमध्ये तेच चित्र. कागद जपानी, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने रोमन आकडे: वीसपैकी सातवी. त्याच फोल्डरमध्ये खाली आणखी एक, आकड्याच्या जागी चित्रकाराच्या स्वतःच्या प्रतीची खूण. पुढच्या हंगामात तिसरी दिसली, तिच्यावर ‘विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाची फ्रेंच अक्षरं, आणि तरी ती विक्रीलाच होती. म्हणजे ७५, शिवाय रोमन आकड्यांतल्या २०, शिवाय चित्रकाराच्या, शिवाय छापखान्याच्या. बेरीज शंभराच्या पुढे गेली.

यात कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. ही तिथली रीतच आहे आणि मी विचारायला हवं होतं. पण त्यानंतर मला एक वाईट सवय लागली. दर हंगामात मी लिलावाच्या याद्यांमध्ये माझंच चित्र शोधू लागलो. एक प्रत मी दिलेल्या किमतीच्या जवळपास निम्म्याला गेली, त्या संध्याकाळी भिंतीवरच्या चित्राकडे नीट बघवलं नाही. मी विकायला काढलं नव्हतं, विकणारही नव्हतो, तरी मन खट्टू झालं ते झालंच. माझा निर्णय फिरला तो इथे.

मोनोटाइपमध्ये चित्रकार गुळगुळीत प्लेटवर शाईने थेट चित्र काढतो, त्यावर ओलसर कागद ठेवून प्रेसमधून एकदा फिरवतो. बहुतेक शाई त्या एका दाबात कागदावर येते आणि संपते. फ्रेंच चित्रकार देगाने १८९२ मध्ये पॅरिसचे चित्रविक्रेते द्यूराँ-र्‍युएल यांच्याकडे मांडलेली निसर्गचित्रं अशीच होती, तैलरंगातल्या मोनोटाइपवर पेस्टल फिरवलेली. माझ्या कागदावर शेंदरी रंगात चिंधीची वीण उमटली आहे, सुताचे उभे-आडवे धागे मोजता येतात. डाव्या कडेला निळी शाई दाबाने प्लेटबाहेर सरकून तिची बारीक वरंबी झाली आहे. सकाळच्या तिरप्या उजेडात ती वरंबी सावली टाकते.

अडचणी आहेत. मला ते लिथोग्राफच्या साधारण दीडपट पडलं. तोच कागद आधी कधी विकला गेलेला नसतो, त्यामुळे भाव ताडून बघायला काही नसतं. उद्या विकायचं म्हटलं तर वेळ लागेल असं वाटतं. ज्यांना गुंतवणुकीचाही विचार करायचा आहे त्यांनी लिथोग्राफच घ्यावा, असं प्रामाणिकपणे सांगेन.

‘एकमेव’ हा शब्दही जपून ऐकावा. पॅरिसमध्ये छापचित्रकार हेटर यांच्या ‘अतलिए १७’ या कार्यशाळेत भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कायको मोती यांनी एकाच प्लेटवरून अनेक रंग छापण्याची पद्धत घडवली. कमीजास्त तेलाची शाई, कमीजास्त कडक रूळ, आणि एकाच दाबात सगळे रंग. तिच्यात प्रती एकमेकींपेक्षा थोड्या वेगळ्या उतरतात. चित्रं अप्रतिम असतात, पण कोरलेली प्लेट शिल्लक राहते, पुन्हा छापता येते. तेव्हा रंग वेगळे लावले म्हणून एखादी प्रत ‘एकमेव’ म्हणून दाखवली, तर प्लेटवर कोरलेलं काही होतं का, एवढं विचारावं.

आणखी एक. मोनोटाइपनंतर प्लेटवर उरलेल्या शाईतून कधीकधी दुसरा, फिकट ठसाही काढतात. माझ्या वेळी मी ते विचारलं. तसा ठसा काढला होता आणि तो चित्रकाराकडेच होता. पावतीवर ‘मोनोटाइप, एकमेव प्रत’ असं लिहून घेतलं आणि त्याखाली त्या फिकट ठशाची नोंदही करवून घेतली.